देवराईतील पक्षीनोंद : आठ थांबे, सोळा फेऱ्या आणि खोडलेली नावे

दक्षिण सिंधुदुर्गात घाटाच्या उतारावर जांभूळ, अंजनी आणि किंजळ यांचे दाट रान असलेली एक देवराई आहे. तिच्या कडेने एक ओहोळ वाहतो. या पट्ट्यातील पक्षी ओळखून त्यांची नीट यादी करावी, म्हणून मी आणि माझा एक सोबती डिसेंबर २०२३ पासून शनिवार-रविवारच्या सुट्टीत तेथे जात होतो. ही जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे; तरीही ग्रामपंचायतीला आणि वनरक्षकांना आधी कळवले होते. जागेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, त्याचे कारण जूनच्या नोंदीत येईल. माळरानावर किंवा तलावाकाठी पक्षी ओळखायला शिकलेल्या माणसाची सदाहरित रानात कशी फजिती होते, हे असेच काम हाती घेणाऱ्यांना आधीच कळावे, एवढ्यासाठी या नोंदी नीट लिहून काढल्या आहेत.

२ डिसेंबर २०२३, शनिवार

पहिली फेरी. उजाडताना आत शिरलो आणि दोन तासांत वहीत ३४ नावे लिहिली. परतताना आम्ही दोघेही खूश होतो. घरी आल्यावर एकेका नावापुढे ते कशावरून लिहिले याची खूण करायला बसलो. नीट पाहिलेल्या पक्ष्याला ‘पा’, आवाज खात्रीने ओळखलेल्याला ‘ऐ’ आणि ‘बहुधा तोच असावा’ अशाला ‘अं’. ‘अं’ ११ निघाले. ते सगळे खोडले आणि यादी २३ वर आली. यापुढे ही खूण जागेवरच करायची, घरी आल्यावर नाही, असे ठरले. घरी आठवण आपल्याला हवा तो रंग भरून देते.

सर्वांत लाजिरवाणी चूक धनेशाची होती. मी सवयीने ‘भारतीय राखी धनेश’ असे लिहून मोकळा झालो होतो, कारण गावाकडच्या वडा-पिंपळांवर तोच पाहत आलो आहे. सोबत्याने काढलेल्या अंधुक फोटोत चोचीवर शिंगासारखा उंचवटा मुळीच नव्हता. शिवाय जो आवाज ऐकला होता तो कोणी खदाखदा हसावे तसा होता. तो मलबारी राखी धनेश, पश्चिम घाटाबाहेर न आढळणारा. अपेक्षा डोळ्यांच्या पुढे धावली होती.

दुर्बिणीचीही चूक झाली. मी ताकद जास्त म्हणून १०×४२ (म्हणजे दहापट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घेऊन गेलो होतो, सोबत्याकडे ८×४२ होती. रानात सकाळी आठपर्यंत संधिप्रकाशच असतो. ४२ ला १० ने भागले की डोळ्याकडे येणारे प्रकाशवर्तुळ ४.२ मिलिमीटरचे होते, ८ ने भागले की ५.२५ चे, आणि अंधारात हा फरक चांगलाच जाणवतो. त्यात दहाच्या दुर्बिणीत दिसणारा परीघ अरुंद असल्याने, वीस मीटर उंचीवरच्या पानांत हलणारा पक्षी तिच्यात सापडेपर्यंत उडून गेलेला असे.

९ डिसेंबर

नुसते भटकण्याऐवजी ठरावीक थांब्यांवर दहा-दहा मिनिटे उभे राहून मोजणी करायची, असे ठरवले. पायवाटेवर दर १०० मीटरला एक याप्रमाणे १४ थांबे आखले. दुपारी हिशेब करताना सहाव्या, सातव्या आणि आठव्या थांब्यावर धनेशाची प्रत्येकी एक जोडी निघाली. वेळा जुळवून पाहिल्यावर एकच जोडी आमच्या पुढे-मागे करत होती आणि आम्ही तिला तीन वेळा मोजले, हे उघड झाले.

थांब्यांतील अंतर २०० मीटर केले आणि थांबे आठवर आणले. थांब्यापासून ५० मीटरच्या आतले पक्षी वेगळे आणि त्यापलीकडचे वेगळे लिहायचे. अंतर डोळ्यांनी अजमावणे रानात फार चुकते, म्हणून प्रत्येक थांब्याभोवती ५० मीटरवरची एक-दोन झाडे टेपने मोजून लक्षात ठेवली. यात अख्खा शनिवार गेला, पण तो सार्थकी लागला.

१७ डिसेंबर

आजची नोंद जरा सविस्तर देतो, कारण ही चूक प्रत्येकाच्या हातून होईल.

चौथ्या थांब्यावर साडेनऊच्या सुमारास उंबराच्या मागून शिक्र्याच्या दोन तुटक हाका आल्या. मी ‘शिक्रा, ऐ’ असे लिहिले. मिनिटभरात त्याच बाजूने सर्पगरुडाची लांबलचक शीळ आली. तीही लिहिली. मग शीळकरी कस्तूराच्या गाण्याचे चार सूर आले, आणि तेथे मात्र पेन थांबले. कस्तूर पावसाळ्याच्या आगेमागे, पहाटेच्या अंधारात, पाण्याजवळ मोकळ्या गळ्याने गातो. डिसेंबरात, भर उजेडात, पाण्यापासून लांब, आणि तेही चारच सूर? शिवाय तिन्ही आवाज एकाच झाडातून येत होते, प्रत्येक दोन-तीन सेकंदांचाच होता, आणि दोन आवाजांच्या मध्ये एक धातूवर नख घासल्यासारखा सूर होता.

आम्ही हलकेच दहा पावले सरकलो. उंबराच्या आडव्या फांदीवर भृंगराज बसला होता. शेपटीच्या दोन तारांपैकी एक तुटलेली, दुसऱ्या तारेच्या टोकाचे पान वाऱ्यावर गिरकी घेत होते, कपाळावरचा तुरा उभा. आमच्या देखतच त्याने पुन्हा शिक्र्याची हाक काढली आणि जणू ती आपली नव्हेच, अशा थाटात मान वळवून पंख साफ करू लागला.

दोन नावे एका पक्ष्याने लिहवून घेतली होती. मागच्या दोन फेऱ्यांतील ‘ऐ’ खुणेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आणखी दोन शिक्रे संशयास्पद ठरले. चारही नोंदी खोडल्या. आता नियम असा की, एकाच जागेवरून लागोपाठ वेगवेगळ्या जातींचे तुटक आवाज आले तर बोलणारा दिसेपर्यंत काहीही लिहायचे नाही. हरेवाही अशाच नकला करतो, आणि तो हिरव्या पानांत हिरवा असल्याने दिसायला भृंगराजापेक्षा कठीण.

६ जानेवारी २०२४

वापरलेला ध्वनिमुद्रक ९,५०० रुपयांना घेतला होता. आज तीन फेऱ्यांचे मुद्रण संगणकावर उघडले, तर पहाटे सातची सगळी मुद्रणे रात्री दीडची म्हणून नोंदलेली. घड्याळ साडेपाच तास मागे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. तेवढ्यावरच भागले असते तर साडेपाच तास मिळवून काम झाले असते. पण मधल्या फेरीत बॅटरी बदलताना घड्याळ पुन्हा शून्यावर गेले होते, आणि कोणते मुद्रण कोणत्या थांब्याचे, हे ठरवायला काहीच आधार उरला नव्हता. त्या फेरीची आठही मुद्रणे टाकून द्यावी लागली.

उपाय अगदी साधा निघाला. मुद्रण सुरू केल्याबरोबर तारीख, वेळ, थांब्याचा क्रमांक आणि हवामान तोंडाने बोलायचे. यंत्राचे घड्याळ चुकले तरी आपला आवाज चुकत नाही. जागा वाचावी म्हणून एमपी३ मध्ये मुद्रण करत होतो, तेही बंद केले. त्या दाबलेल्या फाइलींत वरच्या पट्टीचे बारीक आवाज पुसट होतात, आणि पुढे पर्ण वटवट्यांसाठी नेमके तेच लागले.

२० जानेवारी

हिरव्या तांबटांवर तीन आठवडे घालवले आणि हाती काही लागले नाही, ते असे.

या रानात पांढऱ्या गालाचा तांबट आहे आणि कडेच्या मोकळ्या भागात तपकिरी डोक्याचाही आहे. दोघेही दिवसभर ‘कुटुर्र, कुटुर्र’ करतात. सुरुवातीची ‘ट्र्र्र्र’ अशी थरथर फक्त पांढऱ्या गालाच्या तांबटाची, असे मी कोणाकडून तरी ऐकले होते. तेवढ्या भरवशावर १८ मुद्रणांची ध्वनिचित्रे (आवाजाची पट्टी वेळेनुसार कशी बदलते ते दाखवणारी चित्रे) काढली आणि थरथर असलेली व नसलेली अशी दोन ढिगांत वाटली. मग आज कडेच्या वडावर फळे पिकलेली असताना दोन तास खाली बसून राहिलो. डोळ्याभोवती पिवळसर-नारिंगी कातडी असलेला तपकिरी डोक्याचा तांबट समोर दिसत होता, आणि त्यानेही तशीच थरथर काढून मग ‘कुटुर्र’ सुरू केले. माझी दोन ढिगांची मांडणी तेथेच कोसळली. थरथर नसलेली मुद्रणे ही बहुतेक मी यंत्र उशिरा सुरू केल्याचा परिणाम होती.

सध्या न दिसलेल्या मोठ्या हिरव्या तांबटाची नोंद ‘तांबट, जात अनिश्चित’ अशीच ठेवतो. अनुभवी कानांना फरक कळत असेलही. माझे कान अजून तेवढे तयार नाहीत.

वडाखाली बसल्याचा एक फायदा मात्र झाला. हरियाल मी आजवर एकाच नावाने लिहीत होतो. फांदीवर उलटे लटकून फळे तोडणाऱ्या दोन नरांचे पाय स्पष्ट लाल दिसले आणि पाठ गडद तपकिरी-तांबडी. तो मलबारी हरियाल. महाराष्ट्राचा राज्यपक्षी असलेल्या हरियालाचे पाय पिवळे असतात. पाय पाहायचे, हे एवढे सोपे असताना मी इतके दिवस छातीचा रंग पाहत बसलो होतो. मागच्या चार नोंदी नुसत्या ‘हरियाल’ अशा केल्या.

४ फेब्रुवारी

पर्ण वटवटे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे हे हिरवट-राखाडी, अंगठ्याएवढे पक्षी रानातल्या प्रत्येक झाडावर असतात आणि एका जागी दोन सेकंद थांबत नाहीत. भुवई, पंखावरची फिकट पट्टी, पोटाचा पिवळेपणा या खुणा पुस्तकातल्या चित्रात नीट दिसतात. पानांतून झिरपणाऱ्या हिरव्या उजेडात मात्र सगळ्यांचेच पोट पिवळे दिसते.

येथे ध्वनिमुद्रकाने पैसे वसूल केले. ध्वनिचित्रात काही हाका स्पष्ट तीन तुकड्यांच्या, ‘चि-री-रिट’ अशा निघाल्या, तो हिरवा पर्ण वटवट्या. त्याचा भाऊबंद असलेल्या हिरवट पर्ण वटवट्याची हाक दोनच तुकड्यांची. तिसरा एक, वर चढत जाणारी दोन सुरांची स्वच्छ शीळ देणारा, तो मोठ्या चोचीचा. डोळ्यांनी दोन महिने न सुटलेले कोडे पडद्यावर अर्ध्या तासात सुटले. पूर्वी ‘पा’ म्हणून लिहिलेल्या सहा वटवट्यांच्या नोंदी ‘जात अनिश्चित’ केल्या. पक्षी खरोखर पाहिला होता, पण पाहणे म्हणजे ओळखणे नव्हे.

फोनमधले आवाज ओळखणारे अ‍ॅपही चालवून पाहिले. त्याने आज एकदा हिमालयात राहणारा एक पक्षी सुचवला. सुचवलेले नाव हे कोठे शोधायचे याची दिशा म्हणून उपयोगी पडते; ते थेट वहीत उतरवायचे नाही. सोबत्याचे मत याहून कडक आहे. तो रानात फोन खिशातून काढूच देत नाही.

१८ फेब्रुवारी

पाचव्या थांब्यावर सात मिनिटे संपूर्ण शांतता, आणि मग मिश्र थवा आला. भृंगराज पुढे, खालच्या झुडपांत क्वेकर सातभाई, मधल्या फांद्यांवर मखमली शिलींध्री खोडावरून उलट्या उतरत असलेली, वर निखारांचे नर-माद्या, आणि पाठीवर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके असलेला एक चिमुकला सुतार. मी वहीत पाहून लिहू लागलो आणि मान वर करेपर्यंत निम्मा थवा निघून गेला होता. वहीत नऊ जाती, आकडे एकाहीपुढे नाहीत.

पुढच्या खेपेपासून थवा आला की वही बंद. दोघांपैकी एकाने झाडाच्या माथ्यापासून मध्यापर्यंत आणि दुसऱ्याने मध्यापासून जमिनीपर्यंत पाहायचे, आणि दिसेल ते हळू आवाजात मुद्रकात बोलायचे. थव्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही. तो ज्या दिशेने सरकतो आहे तिकडे पुढे जाऊन उभे राहिले, तर तो आपल्यावरूनच जातो.

आणखी एक चूक आज ध्यानात आली. आम्ही नेहमी पहिल्या थांब्यापासून आठव्याकडे जात होतो. त्यामुळे आठव्या थांब्यावर पक्षी कमी आहेत असा समज झाला होता. खरे तर तेथे पोहोचेपर्यंत उजाडून दोन तास होत आणि पहाटेचा गलबला ओसरलेला असे. आता एक फेरी सुलट, एक उलट. उलट्या पहिल्याच फेरीत आठवा थांबा सर्वांत गजबजलेला निघाला.

१० मार्च

जानेवारीपासून ‘मोठा सुतार? खडखडाट’ अशी चार वेळा केलेली नोंद आज निकालात निघाली. देवराईची राखण करणारे आजोबा सोबत होते. उंचावरून तो कर्कश खडखडाट आला, मी घाईघाईने दुर्बीण उचलली, आणि आजोबा वर न पाहताच म्हणाले, “तो पक्षी नव्हे, शेकरा आहे तुमचा.” खरोखरच शेकरू फांदीला चिकटून, लांब शेपूट खाली सोडून, आमच्यावर रागावत होता. चार नोंदी खोडल्या. आजोबांना पहिल्याच दिवशी सोबत बोलावले असते तर बरे झाले असते.

सहाव्या थांब्याजवळच्या जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी बसली आहे. ढोलीचे तोंड लिंपलेले, चोच जाईल एवढी फट ठेवलेली. नर फळे घेऊन आला आणि आम्हाला पाहून ढोलीवर न येता वीस मिनिटे शेजारच्या झाडावर बसून राहिला. तेवढा वेळ आतली मादी आमच्यामुळे उपाशी. सहावा थांबा तेथेच बंद केला. मार्चपासून पुढची तुलना त्यामुळे अपुरी राहिली आहे.

२१ एप्रिल

उकाडा. साडेसातनंतर रातकिड्यांसारखे सिकाडा इतके ओरडतात की मुद्रणात वरच्या पट्टीचे काहीच उरत नाही. वटवटे गेले. पावशा आणि पाचू होला ऐकले. पाचू होल्याचा खोल ‘हूं’ इतक्या खालच्या पट्टीत असतो की तो सिकाडांच्या खालून आरपार ऐकू येतो. फेरी निम्म्यावर सोडली.

१ जून

नवरंग आला. संध्याकाळी साडेसहाला दोन सुरांची स्वच्छ शीळ, मग ओहोळापलीकडून तिला उत्तर. आम्ही आजवर संध्याकाळची एकही फेरी केली नव्हती, ही या कामातील मोठी उणीव म्हणावी लागेल.

त्याला पाहण्याच्या मोहात सोबत्याने, फोनविरोधी असूनही, फोनवर नवरंगाची शीळ वाजवली. पक्षी लगेच जवळ आला, आमच्याभोवती या फांदीवरून त्या फांदीवर अस्वस्थ उड्या मारत राहिला, आणि आम्ही निघेपर्यंत त्याने एकदाही शीळ घातली नाही. विणीच्या दिवसांत आपली हद्द राखणाऱ्या पक्ष्याला न दिसणारा प्रतिस्पर्धी दाखवण्यासारखे ते झाले. त्या थांब्याची नोंद रद्द केली. आवाज वाजवणे पूर्ण बंद.

रात्री परतताना तिसऱ्या थांब्याजवळ एक घोगरे, उतरत जाणारे हसणे मुद्रित झाले. त्याविषयी पुढे.

२३ जून

पाऊस. पानांवर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजात मुद्रक निरुपयोगी, छत्रीवर तर त्याहून वाईट. माझी जुनी दुर्बीण आतून धुरकट झाली. भिंगावर बुरशीचे धागे दिसले. दुरुस्तीला २,२०० रुपये आणि तीन आठवडे लागणार आहेत. सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवायचे शहाणपण मे महिन्यातच सुचायला हवे होते. पायमोज्यांवर जळवा, हे सांगायला नकोच.

तरी आजचा दिवस वाया गेला नाही. ओहोळाच्या कापलेल्या मातीच्या काठावरून एक रंगीत ठिणगी सरळ रेषेत गेली आणि पुढच्या वेलीवर बसली. तिबोटी खंड्या. पाठ निळी-जांभळी, पोट पिवळेधमक, चोच लाल, आणि अंगाच्या मानाने डोके फार मोठे. त्याच्या नावातल्या तीन बोटांपर्यंत नजर पोहोचली नाही, पण दुसऱ्या कशाशी गल्लत होण्याजोगा हा पक्षी नाही. काठात बीळ आहे. पाऊस सुरू होताच या पक्ष्याच्या फोटोसाठी कोकणात माणसे बिळासमोर तासन्‌तास ठाण मांडतात; जागेचे नाव न देण्याचे कारण तेच. आम्ही दोन मिनिटांत निघालो आणि ओहोळाकाठचे दोन थांबे सप्टेंबरपर्यंत बंद केले.

१४ जुलै

सोळा फेऱ्यांचा हिशेब. ‘पा’ ५८, ‘ऐ’ १३, एकूण ७१ जाती. खोडलेली किंवा ‘जात अनिश्चित’ केलेली नोंद वेगळ्या पानावर कारणासह ठेवली आहे, आणि नवीन येणाऱ्याला मी यादीआधी ते पान वाचायला देतो. जमिनीलगत चरणाऱ्या बुजऱ्या पक्ष्यांची मोजणी कमी झाली आहे आणि रात्रीची जवळजवळ झालेलीच नाही.

राहिले ते तिसऱ्या थांब्यावरचे हसणे. ते ध्वनिचित्र एका जाणत्या अभ्यासकाला दाखवले. त्यांच्या मते तो बेडूकमुखी आहे. हा पक्षी दिवसा खालच्या फांदीवर, बहुधा जोडीने, वाळक्या पानासारखा निश्चल बसतो आणि त्याच फांदीवर पुन्हा पुन्हा परत येतो. म्हणून काल आम्ही तिसऱ्या थांब्याभोवतीची गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीची प्रत्येक फांदी तीन तास पाहिली. दोनदा खात्री वाटली. दोन्ही वेळा ती वाळकी पानेच निघाली. यादीत तो ‘ऐ’ म्हणून राहील. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात पुन्हा त्याच फांद्या पाहायच्या आहेत.